चारशे चित्रं आणि ‘ऑल्ट’चा रिकामा रकाना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेच्या वेबसाइटवर लेख आणि फोटो चढवायचं काम तुमच्याकडे आहे. आता सांगण्यात आलंय की जुनी-नवी मिळून चारशेएक चित्रं आहेत, सगळ्यांना ऑल्ट टेक्स्ट लिहा. तुम्ही विचारताय, हे वाचतं तरी कोण? आणि एआयला फोटो दाखवला की दोन सेकंदांत वर्णन मिळतं, तर माणसाने बसून लिहिण्यात काय हशील?

ज्यांना शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की पानावरच्या प्रत्येक चित्राच्या कोडमध्ये ‘ऑल्ट’ नावाचा एक रकाना ठेवता येतो. तिथे लिहिलेला मजकूर एरवी डोळ्यांना दिसत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, चित्राच्या जागी तो मजकूर वाचतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी गोम तिथेच आहे. चित्रात काय आहे हे एआय सांगू शकतं, आणि आता बरंच चांगलं सांगतं. पण तेवढं तर वाचक स्वतःही करून घेतो. ‘बी माय आइज’ हे ॲप २०१५ साली सुरू झालं तेव्हा दृष्टिहीन माणूस व्हिडिओ कॉलवर अनोळखी डोळस स्वयंसेवकाला विचारायचा, या डब्यावर काय लिहिलंय? २०२३ पासून त्यात चित्राचं वर्णन करणारं एआयही आलं. म्हणजे तुमच्या पानावरचा फोटो एआयला दाखवून वर्णन मिळवायची सोय वाचकाच्या खिशातच आहे. त्याला तिथून मिळणार नाही अशी एकच गोष्ट उरते: तो फोटो तुम्ही तिथे का लावला. ते फक्त तुम्हालाच माहीत आहे, आणि ऑल्टच्या रकान्यात तेच यायला हवं.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून प्रशिक्षणात मी नेहमी एकच फोटो दाखवते. नदीवरचा तीन कमानींचा जुना दगडी पूल, नदीला पूर, आभाळ भरून आलेलं, पुलाच्या तोंडाशी आडवा लावलेला अडथळा. एआयला विचारलं तर उत्तर साधारण असं येतं: ‘ढगाळ आकाशाखाली वाहत्या नदीवरील एक जुना दगडी पूल’. यात चूक काहीच नाही. आता हाच फोटो तीन ठिकाणी लावून बघा.

पुराच्या बातमीत: ‘पाणी कमानींच्या निम्म्यापर्यंत चढलं आहे. पुलाच्या तोंडाशी अडथळा लावून रस्ता बंद केला आहे.’ बांधकामाच्या पाहणी अहवालात: ‘मधल्या कमानीच्या माथ्याजवळ दगडी जोडात उभी भेग. डाव्या-उजव्या कमानींवर भेग दिसत नाही.’ छायाचित्रांच्या प्रदर्शनात: ‘काळपट आभाळ आणि गढूळ पाणी यांच्या मधोमध पुलाची फिकट आडवी रेघ. चौकटीत माणूस एकही नाही.’

फोटो तोच, पण तिन्ही मजकुरांत एक वाक्यसुद्धा सामाईक नाही. अहवाल वाचणाऱ्या इंजिनिअरला आभाळाशी देणंघेणं नाही, आणि प्रदर्शनातल्या फोटोला ‘रस्ता बंद’ची पाटी लावली तर छायाचित्रकार तुमच्याशी बोलणं सोडेल. एआयचं वर्णन तिन्ही जागी चालतं, आणि तिन्ही जागी वाचकाच्या हाती काही लागत नाही.

आता कोण वाचतं ते. या कामाला सुरुवात करून मला पंधरा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मी एका दृष्टिहीन सहकाऱ्याशेजारी बसून त्याचं काम बघत होते. त्याने एका कार्यक्रमाचं पान उघडलं. मथळा वाचला गेला आणि मग स्क्रीन रीडरचा आवाज गंभीरपणे म्हणाला, ‘ग्राफिक. पोस्टर डॅश फायनल डॅश फायनल टू.’ त्यानंतर थेट पानाचा तळ. तारीख, वेळ, जागा, नावनोंदणी, सगळं त्या पोस्टरच्या चित्रात होतं. तो म्हणाला, ‘फायनल झालंय एवढं नक्की. काय ते कळलं नाही.’ ऑल्टचा रकानाच नसला की असं होतं. स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतो, नाहीतर नुसतं ‘ग्राफिक’ म्हणून पुढे सरकतो, कधी चित्र आहे हेही सांगत नाही.

ऐकणाऱ्यांखेरीज बोटांनी वाचणारेही आहेत. ब्रेल डिस्प्ले हे ठिपके वरखाली होणारं यंत्र संगणकाला जोडतात. अंधही आणि बहिऱ्याही असलेल्या माणसाला वेबसाइट वाचायची ती याच वाटेने. त्यावरची ओळ बहुधा चाळीस घरांची, म्हणजे चाळीस ब्रेल चिन्हांची. देवनागरी मजकुरात व्यंजनाला एक घर आणि त्याच्या मात्रेला, वेलांटीला दुसरं घर जातं, त्यामुळे आपलं लांबलचक वाक्य तिथे चार-पाच ओळी खातं. ‘या छायाचित्रामध्ये आपणास असे दिसून येते की’ ही सुरुवात कानाला नुसती कंटाळवाणी लागते, बोटांना ती अख्खी ओळ पडते.

शिवाय नेट अडखळल्याने चित्र उतरलंच नाही तर त्या जागी ब्राउझर हाच मजकूर दाखवतो. गंमत म्हणजे ऑल्ट मुळात आलं ते थोडंफार अशाच गरजेतून. वेबपानात चित्र घालायच्या ‘आयएमजी’ टॅगची, म्हणजे कोडमधल्या खुणेची, कल्पना ‘मोझॅक’ ब्राउझरवर काम करणाऱ्या मार्क अँड्रीसनने १९९३ च्या फेब्रुवारीत मांडली, तेव्हा त्यात चित्राच्या फाइलचा पत्ता सक्तीचा होता, पर्यायी मजकुराचा उल्लेख नव्हता. एचटीएमएल ही वेबपानं लिहायची भाषा. तिच्या १९९५ च्या २.० आवृत्तीत ऑल्ट आलं. तेव्हा ‘लिंक्स’ नावाच्या ब्राउझरसारखे निव्वळ अक्षरं दाखवणारे ब्राउझर लोक सर्रास वापरत. एचटीएमएल ४ मध्ये ते सक्तीचं झालं. पुढे मे १९९९ मध्ये वेब सुगम करण्याची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यांतला पहिला मुद्दा हाच होता. २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीतही १.१.१ या क्रमांकावर, सगळ्यांत प्राथमिक पातळीवर, तोच मुद्दा बसलेला आहे.

‘कुणी तक्रार करत नाही हो’ असं ज्यांना वाटतं त्यांना मी सिडनीची गोष्ट सांगते. २००० च्या ऑलिंपिकची वेबसाइट आपल्याला वापरता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन गृहस्थांनी १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. चित्रांना आणि चित्रांच्या लिंकना ऑल्ट नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. आयोजन समितीने सांगितलं, हे करायला एका माणसाचे ३६८ दिवस आणि बावीस लाख डॉलर लागतील. तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांनी ते खोडून काढलं: छोट्या चमूचं काही आठवड्यांचं काम. ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला आणि दुरुस्त्या पुऱ्या न केल्याबद्दल समितीला पुढे २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली. तो आकडा फुगला कसा, हे मला आता अनुभवाने समजतं. काम शेवटी ढकललं की प्रत्येक चित्र कुणी, का लावलं ते शोधण्यातच दिवस जातात. लावतानाच लिहिलं तर चित्रामागे अर्धं मिनिट.

आणि तरी हे होत नाही. ‘वेबएम’ ही संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपानं यंत्राने तपासते. २०२४ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त पानांवर ऑल्ट नसलेली चित्रं सापडली. हा आकडा काढताना यंत्र रकाना आहे की नाही एवढंच बघतं हे ध्यानात घ्या. रकान्यात ‘फोटो १’ लिहिलेलं पान या मोजणीतून सुखरूप सुटतं.

आता लिहायचं कसं, यात माझ्याच एका चुकीपासून सुरू करते. उत्साहाच्या भरात एका वेबसाइटच्या झाडून सगळ्या चित्रांना मी वर्णनं लिहिली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर विकत घेतलेला फोटो होता: लॅपटॉपसमोर हसणारी माणसं, हस्तांदोलन करताना हसणारी माणसं, नुसतीच हसणारी माणसं. सगळ्यांची इमानदारीने नोंद केली. त्याच सहकाऱ्याने तासभर ऐकून अभिप्राय दिला, ‘तुमच्याकडची माणसं हसतात फार.’ दर पानाला मूळ मजकुरापर्यंत पोचण्याआधी त्याला ते हसू ऐकावं लागत होतं.

शोभेच्या चित्राला ऑल्ट रिकामं ठेवायचं. रिकामं ठेवणं वेगळं आणि न लिहिणं वेगळं, इथे भलेभले घसरतात. रकाना आहे पण अवतरणचिन्हांच्या मध्ये काही नाही, म्हणजे ‘हे वगळून पुढे जा’ असं तुम्ही स्क्रीन रीडरला सांगितलंत. रकानाच नाही, म्हणजे तुम्ही काहीच ठरवलं नाहीत, आणि मग फायनल-फायनल-टू ऐकू येतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हे चित्र शोभेचं आहे’ अशी खूण करायची सोय असेल तर ती वापरा. वेलबुट्टी, रेघोट्या, पार्श्वभूमीचे पोत, मजकुराशेजारी त्याच अर्थाचं आयकॉन, हे सगळं यात आलं.

बटणं आणि लिंक असलेल्या चित्रांचं मात्र उलट. तिथे वर्णन करूच नका, काम सांगा. भिंगाचं आयकॉन असेल तर ‘शोधा’. लिफाफ्याचं असेल तर ‘ईमेल पाठवा’. मुख्यपानाकडे नेणारा लोगो असेल तर संस्थेचं नाव आणि ‘मुख्यपान’. ‘निळ्या वर्तुळात पांढरा बाण’ ऐकून कुणालाही कुठे जायचं ते कळत नाही.

आलेखांवर जरा थांबते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं. बहुतेक ठिकाणी ऑल्टमध्ये ‘कार्बन डायऑक्साइडचा आलेख’ एवढंच असतं. हे म्हणजे पाकिटावर ‘पत्र’ लिहून आत काहीच न घालण्यासारखं. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा तो प्रसिद्ध आलेख घ्या. मी असं लिहीन: ‘रेषालेख: मौना लोआ इथे मोजलेलं हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण. १९५८ मध्ये दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५, २०२४ मध्ये ४२० च्या वर. रेषा दरवर्षी करवतीच्या दातासारखी खालीवर होते, पण एकूण चढतच जाते.’

यातला करवतीचा दात ठेवायचा की काढायचा? तुमचा लेख एकंदर वाढीबद्दल असेल तर काढला तरी चालेल. लेख झाडांबद्दल असेल तर तो दात हाच सगळा मुद्दा आहे: उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात झाडझाडोरा वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो म्हणून रेषा उतरते, आणि पानं झडून कुजायला लागली की पुन्हा चढते. तेव्हा ऑल्टमध्ये महिने यायला हवेत आणि १९५८ मागे पडलं तरी हरकत नाही. म्हणजे पुलाचीच गोष्ट पुन्हा आली.

एवढ्यानेही आलेख पुरा होत नाही. ऑल्टमध्ये निष्कर्ष द्या आणि आकड्यांचा तक्ता पानावरच, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. ऑल्टमध्ये परिच्छेद पाडता येत नाहीत, यादी करता येत नाही, लिंक देता येत नाही. तिथे साठ आकडे कोंबले तर ऐकणारा विसाव्याला सोडून देतो, आणि त्याने सोडून दिलेलंच बरं. आलेखाच्या बाबतीत एआयवर तर डोळे झाकून विसंबू नका. माझा अनुभव असा की अक्षावरचे आकडे त्याला नीट वाचता आले नाहीत तर ते अडखळत नाही, जवळपासचा आकडा बिनदिक्कत ठोकून देतं. डोळस माणसाला चूक दिसेल. ऐकणाऱ्याकडे ताडून बघायला दुसरं काही नसतं.

पोस्टर, जाहीर सूचना, वेळापत्रकं अशा मजकुराच्याच चित्रांना ऑल्ट लिहिण्याआधी विचारा, हे चित्र का आहे? तोच मजकूर पानावर टाइप केला तर तो स्क्रीन रीडरला वाचता येतो, शोधात सापडतो, मोठा करून वाचता येतो, कॉपी करता येतो. पोस्टर हवंच असेल तर लावा, खाली सगळा तपशील टाइप करा आणि ऑल्टमध्ये कार्यक्रमाचं नाव व ‘तपशील खाली’ एवढं पुरे. एक सावधगिरी: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट करू नका. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, आणि ऐकणाऱ्याला ती खिचडीच मिळते.

भाषेचंही सांगते. मराठी पानावर ऑल्ट इंग्रजीत ही फार रुजलेली सवय आहे, बहुधा एआयची किंवा फोटो विकणाऱ्यांची कृपा. मराठी आवाज ते इंग्रजी स्वतःच्या वळणाने वाचतो आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्यालाही कळत नाही. शिवाय पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवलेली आहे का ते डेव्हलपरकडून बघून घ्या. वेबसाइटचे पुष्कळ तयार साचे ती इंग्रजी धरून चालतात, मग इंग्रजी आवाज देवनागरीपाशी येऊन काहीबाही उच्चारतो किंवा मुकाट पुढे जातो. हे एका ओळीचं काम आहे, आणि तुमच्या चारशे वर्णनांचं मोल त्या एका ओळीवर टांगलेलं आहे.

बाकीचं भराभर. ‘चित्र’, ‘फोटो’ हे शब्द सुरुवातीला नकोत, स्क्रीन रीडर ‘ग्राफिक’ आधीच म्हणतो. पण तैलचित्र, एक्स-रे, उपग्रहाने टिपलेलं दृश्य असेल तर तो प्रकार सांगायलाच हवा. शेवटी पूर्णविराम द्या, नाहीतर वर्णन पुढच्या वाक्यात घुसतं. १२५ अक्षरांचा जो नियम सगळीकडे सांगतात तो मार्गदर्शक तत्त्वांत नाही. मी एक ते दोन वाक्यांत बसवते, गरज असेल तर तीन. फोटोखाली ओळ असेल तर तीच ऑल्टमध्ये पुन्हा लिहू नका, ऐकणाऱ्याला सगळं दोनदा ऐकावं लागतं.

माणसांच्या फोटोंबद्दल मात्र घाई नको. नाव माहीत असेल आणि द्यायला हरकत नसेल तर नाव द्या. माणूस काय करतोय ते सांगा. रंग, वय, कपडे, अपंगत्व हे त्या जागी अर्थाचं असेल तरच. एकाच चौकटीत दोघांची हुद्द्यांसह नावं आणि तिसऱ्याची ओळख फक्त ‘व्हीलचेअरवरील महिला’, असं लिहून बसू नका. हा प्रमाद मी अनुभवी संपादकांकडूनही झालेला पाहिलाय. आणि चेहऱ्यावरून जात-धर्म-देश यांचे अंदाज बांधू नका. एआय बांधतं, ते खोडायचं काम तुमचं.

म्हणजे एआय वापरायचं नाही का? मी वापरते. फोटोतली पाटी वाचून घ्यायला, माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट दाखवून द्यायला. त्याचा मसुदा समोर ठेवून मी विचारते, यातलं काय या पानाला लागतं? बहुतेक वेळा निम्मं जातं आणि एक गोष्ट घालावी लागते, ती त्याला माहीत असणं शक्यच नसतं.

आता तुमची चारशे. आधी तुमचं सॉफ्टवेअर कसं वागतं ते एका चित्रावर तपासा. वर्डप्रेसमध्ये मीडिया लायब्ररीत ऑल्ट बदललं तरी लेखात आधीच घातलेल्या चित्राचं सहसा बदलत नाही. ते चित्र जिथे आहे तिथे जाऊन बदलावं लागतं. हे शेवटी कळलं तर रडू येतं, स्वानुभव आहे. मग लिंक आणि बटणं असलेली चित्रं पहिल्यांदा घ्या, कारण तिथे वाचक अडकूनच पडतो. नंतर आलेख, नकाशे, पोस्टर. मग लेखांमधले फोटो, सगळ्यांत जास्त वाचल्या जाणाऱ्या पानांपासून. दहा-वीस झाली की पडद्याकडे पाठ करून ऐका. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, आयफोन आणि मॅकवर व्हॉइसओव्हर असतोच, अँड्रॉइडवर टॉकबॅक. दोन पानं ऐकलीत की माझं निम्मं उत्तर अनावश्यक होतं असं तुम्हीच म्हणाल.

यादी एक्सेलमध्ये करणार असाल तर चित्र आणि ऑल्ट यांच्या मध्ये ‘का लावलं’ असा एक रकाना घाला आणि आधी तोच भरा. तुम्हाला माहीत नसेल तर ज्याने लेख लिहिला त्याला विचारा. त्यालाही सांगता आलं नाही, तर ते चित्र काढून टाका किंवा ऑल्ट रिकामं ठेवा. चारशेपैकी किती ओळी अशा निघतात ते मोजून मला कळवा, माझा अंदाज शंभराच्या पुढे आहे.